नऊ खोटी मशीनं आणि एक खरा दंड

टेबलावर रक्तदाब मोजायची दहा मशीनं होती. नवांना लाल चिठ्ठी लावलेली, एकाला हिरवी. लाल चिठ्ठ्यांवर एकाच वळणाच्या अक्षरात एकच वाक्य होतं, ‘जास्त दाखवते, वापरू नये.’ हिरवीवर होतं, ‘तपासले, बरोबर.’ त्याखेरीज सहा अक्रोड, अकरा अक्रोडांची टरफलं, अर्धं सुटलेलं शब्दकोडं, एक स्क्रूड्रायव्हर, दोन चष्मे आणि टेबलाच्या कडेला टेकवलेला काटेबाईंचा डावा दंड. दोन चष्म्यांपैकी एक काटेबाई सकाळपासून शोधत होत्या. दुसरा त्यांनी पहिला शोधण्यासाठी बाहेर काढला होता.

खोली इस्पितळाच्या तळघरात होती. वर माणसं दुरुस्त व्हायची आणि खाली त्या माणसांना मोजणारी उपकरणं. काटेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तापमापक असो, वजनकाटा असो की सलाइनचा पंप, काटा एका रेघेनं जरी हलला तरी बाई ती वस्तू वॉर्डात जाऊ देत नसत, म्हणून परिचारिकांनी ते नाव ठेवलं होतं. आधी पाठीमागे म्हणायच्या, मग तोंडावर म्हणायला लागल्या. बाई वरवर नाक मुरडायच्या, पण मनातून त्यांना ते आवडायचं. लोकांना उंचीवरून, रंगावरून नावं पडतात. आपल्याला कामावरून पडलं, हे काय कमी आहे?

त्या खोलीत दुसरे होते तात्या. चाकांच्या खुर्च्या, खाटा, ट्रॉल्या, म्हणजे ज्याला चाक आहे ते सगळं तात्यांचं आणि ज्याला आकडा आहे ते सगळं बाईंचं, अशी वाटणी होती. तात्या निवृत्तीला टेकले होते आणि त्यांना कशाचीच घाई नव्हती, बोलण्याची सोडून.

तर या नऊ लाल चिठ्ठ्यांची गोष्ट अशी.

रक्तदाबाचं मशीन तपासायला एक यंत्र असतं. ते हाताचं सोंग घेतं. त्याला सांगायचं, तू एकशे वीसवर ऐंशीचा हात हो, की ते तसं धडधडतं, आणि मशीननं तेवढंच दाखवलं तर मशीन पास. तळघरात त्याला ‘नकली हात’ म्हणत. हा नकली हात बिघडला, दुरुस्तीला गेला, आणि तिकडे तो बहुतेक संसाराला लागला असावा, कारण परत येण्याचं नाव घेईना. त्याआधी एक पाऱ्याचं जुनं मापक होतं. पारा विषारी म्हणून ते नियमाप्रमाणे उचलून नेलं. मशीनं मात्र यायची थांबली नाहीत. मग काटेबाईंनी डोकं लढवलं. आपला दाब एकशे अठरावर शहात्तर आहे. लेकीच्या वेळी होता, नोकरीला लागताना होता, आपण कधी आजारी पडलेलो नाही. म्हणजे मोजमापाचा भरवशाचा ठोकळा आपल्याच खांद्याला लटकलेला आहे! त्यांनी डावी बाही वर केली आणि येईल ते मशीन त्या दंडाला बांधून बघायला सुरुवात केली.

पहिलं मशीन म्हणालं, एकशे साठ. खोटारडं! लाल चिठ्ठी. दुसरं म्हणालं, एकशे छप्पन. लाल. तिसरं, चौथं, पाचवं. एकजात सगळी बेइमान. एकच मशीन गुणी निघालं. त्यानं सांगितलं, एकशे एकोणीसवर सत्तर. बाईंना त्याची पाठ थोपटावीशी वाटली. त्यांनी त्याला हिरवी चिठ्ठी लावली, कोपऱ्यात ठेवलं आणि ‘शहाणं’ असं नावही दिलं. पुढे कधी शंका आलीच तर त्या शहाण्यावर दाब बघत, आणि तो एकशे अठराच्या आसपासच निघे. मशीन खरं, कारण दंड एकशे अठराचा. दंड एकशे अठराचा, कारण मशीन तसं सांगतंय. दोघं एकमेकांना जामीन.

हा तर्क शाळेतल्या मुलीनं केला असता तर काटेबाईंनी तिला वर्गाबाहेर उभं केलं असतं. पण स्वतःचा तर्क असला की माणसाला तो गोल आहे हे दिसत नाही. नुसतं गुळगुळीत वाटतं.

शिवाय त्या दिवसांत बाईंचं लक्ष दंडावर नव्हतंच. ते सगळं डोक्याकडे लागलं होतं.

घरात तीन बायका होत्या. काटेबाई, त्यांची लेक, आणि बाईंची आई, जिला आता सगळेच आजी म्हणत. आजीनं हयातभर लोकांचे कपडे शिवले होते. आता तिला लेकीचं नाव आठवत नसे, नातीचं कधीतरी आठवे, आणि जेवण झालं की नाही ते मुळीच आठवत नसे. पण मापाची फीत गळ्यात असल्याशिवाय तिला चैन पडत नसे. दारात येईल त्याला ती गिऱ्हाईक समजायची आणि माप घ्यायची. गॅस जोडायला आलेल्या माणसाची छाती, कमर आणि पाठ मोजून झाल्यावरच त्याला शेगडीपर्यंत जाता आलं होतं.

आजीचं हे कधी सुरू झालं, ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. वस्तू हरवायच्या, शब्द अडायचे. सगळे हसायचे, तीही हसायची. आणि आता काटेबाई एक्कावन्न वर्षांच्या होत्या, पाळी जायच्या बेतात होती, मध्येच कानशिलं तापायची, पहाटे झोप उडायची आणि शब्द अडायचे. एकदा इस्पितळाच्या अधीक्षकांसमोर त्यांना ‘पक्कड’ हा शब्दच आठवेना. रोज हातात असलेली वस्तू! त्या म्हणाल्या, “तात्या, ते द्या ना… ते चोचवालं.”

तात्या म्हणाले, “बाई, इथे बदक नाहीये.”

अधीक्षक हसले, तात्या हसले, बाईही हसल्या. मग त्या भांडारात गेल्या, दार लावलं आणि रबरी नळ्यांच्या खोक्यावर बसून घाबरल्या. आई पण अशीच हसायची.

त्याच आठवड्यात काटेबाईंनी मेंदू वाचवायची मोहीम काढली. विज्ञान शिकलेल्या बाईनं काढलेली मोहीम म्हणजे ती पद्धतशीर असणार. डाव्या हातानं दात घासायचे, कारण त्यानं म्हणे मेंदूच्या झोपलेल्या पेशी जाग्या होतात. पेशींचं माहीत नाही, पण पेस्ट नाकात गेल्यावर बाई मात्र खडखडीत जाग्या व्हायच्या. भांडी एका पायावर उभं राहून घासायची. त्यात दोन कप गेले. अक्रोड खायचे, कारण ते मेंदूसारखे दिसतात. हे कारण शास्त्रीय नाही हे बाईंना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही आणि अक्रोडांचा डबा मात्र मोठा आणला. फोनवरून एक परकी भाषा शिकायला घेतली. तिच्यात त्यांना आता ‘घोडा सफरचंद खातो’ असं अस्खलित म्हणता येत होतं. तसा घोडा भेटायचा तेवढा बाकी होता. आणि शंभरातून सात वजा करत खाली यायचं, भाजी चिरताना, जिना चढताना, आंघोळ करताना.

“आई,” एकदा लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, “तू मेंदू वाचवायला निघालीयेस की सर्कशीत नाव घालायला?”

“हसू नकोस. एकोणऐंशी… का बहात्तर? घालवलास ना आकडा!”

“डॉक्टरकडे जाऊन ये ना एकदा सरळ.”

“जाईन की. आधी माझी तयारी होऊ दे.”

लेकीनं कपाळावर हात मारला. “तयारी करून जायला ती काय परीक्षा आहे?”

बाईंच्या लेखी ती परीक्षाच होती. डॉक्टरकडे जायचं, तो चार प्रश्न विचारणार, आपल्याला उत्तरं येणार नाहीत आणि मग आपला निकाल लागणार. त्यापेक्षा न गेलेलं बरं. शेजारणीनं असं म्हटलं असतं तर काटेबाईंनी तिला तासभर सुनावलं असतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी मनाशी पक्की केली होती. महिनाअखेरीला शिक्का तात्यांच्या हवाली करायचा. ‘तपासले, बरोबर’ असं लिहून खाली जो शिक्का बसतो, त्याच्या भरवशावर वर कुणीतरी कुणाला औषध देतं. ज्या बाईला पक्कड आठवत नाही, तिनं तो हातात ठेवू नये. चुकीचं मशीन आपल्या हातून वर जायच्या आत आपण घरी गेलेलं चांगलं. घरी जाऊन काय करायचं, ते त्यांनी ठरवलं नव्हतं. आईच्या शेजारी बसून बहुधा एकमेकींची मापं घ्यायची.

तात्यांना हे सांगितलं तर तात्या म्हणाले, “द्या इकडे. चाकांवर मारीन. ‘फिरवले, गोल.’”

अशा मनःस्थितीत काटेबाई त्या सकाळी बसल्या होत्या. समोर दहा मशीनं, सहा अक्रोड आणि दोन चष्मे. इतक्यात जिन्यावर पावलं वाजली. मोठ्या सिस्टर खाली येत होत्या.

मोठ्या सिस्टर म्हणजे बायकांच्या वॉर्डाच्या मुख्य परिचारिका. त्या अंगानं बारीक होत्या, पण त्यांचा आवाज आधी यायचा आणि त्या मागून.

“काटेबाई! माझ्या वॉर्डात चाळीस बायका आणि मशीन एक. ते पण शेजारच्या वॉर्डातून मागून आणलेलं. आमची सगळी इथे माहेरपणाला आलीत का?”

“खराब आहेत सिस्टर. नऊच्या नऊ जास्त दाखवतात.”

“नऊच्या नऊ?”

“मी स्वतः बघितलंय. एकेक तीनतीनदा.”

“कशावर? नकली हात आला का?”

“नाही आला. माझ्या हातावर.”

तात्यांनी खुर्चीचं चाक खाली ठेवलं. तात्या चाक खाली ठेवतात तेव्हा त्यांना पुढचं ऐकायचं असतं. “बाईंचा दंड म्हणजे आमच्याकडचा मानदंड आहे, सिस्टर,” ते म्हणाले.

सिस्टरनी टेबलाकडे एक नजर टाकली. “बरं, ते हिरवं तरी द्या. ते बरोबर आहे ना?”

“अगदी. हे शहाणं आहे.” बाईंनी ते दोन्ही हातांनी पुढे केलं, लेकीला सासरी पाठवावी तसं.

मोठ्या सिस्टरांची एक सवय होती. हातात आलेलं कुठलंही मशीन त्या आधी स्वतःला लावून बघत. त्या खुर्चीवर बसल्या, दंडाला पट्टा गुंडाळला आणि बटण दाबलं. मशीन घूं घूं करून थांबलं. सिस्टर आकड्याकडे बघत राहिल्या.

“काय आलं?” बाईंनी विचारलं.

“बहात्तरवर चव्वेचाळीस.” सिस्टरनी मान वर केली. “काटेबाई, या हिशेबानं मी आत्ता तुमच्या पायाशी आडवी पडलेली असायला हवी. आणि तात्या माझ्या तोंडावर पाणी मारत असायला हवेत.”

“हलला असाल.”

“मी?” एवढंच म्हणून सिस्टरनी परत बटण दाबलं. चौऱ्याहत्तरवर चव्वेचाळीस. मग त्यांनी एक लाल चिठ्ठीवालं मशीन ओढलं. एकशे बारावर सत्तर. दुसरं लाल ओढलं. एकशे दहावर सत्तर. “हा माझा. सकाळी वर पण हाच होता. तात्या, इकडे या. तुमचा किती असतो?”

“परवा दवाखान्यात एकशे बत्तीस निघाला. गोळी चालू आहे.”

लाल चिठ्ठीवाल्या मशीननं तात्यांना एकशे चौतीस दाखवलं. दुसऱ्या लालनं एकशे एकतीस. शहाण्यानं चौऱ्याण्णव.

तळघरात पाण्याचे पाइप असतात, ते वाजत होते. काटेबाईंना पुढचं सगळं एका दमात दिसलं, पण ते बघायचं नाही म्हणून त्यांनी अक्रोड उचलला.

“ठेवा तो,” सिस्टर म्हणाल्या. “हात द्या.”

“अहो, माझा एकशे अठरा…”

“हात.”

एकशे बासष्टवर अठ्ठ्याण्णव. दुसऱ्या मशीनवर एकशे साठवर शहाण्णव. सिस्टरनी उजव्या दंडावर पण बघितला. तो म्हणजे काही वेगळ्या घरातून आलेला नव्हता.

“म्हणजे नऊ मशीनं खोटी,” मोठ्या सिस्टर सावकाश म्हणाल्या, “आणि तुमचा एक दंड तेवढा खरा. असंच ना?”

तात्या खालच्या आवाजात म्हणाले, “नाचता येईना…”

“तात्या, पुरे!”

“बरं. अंगण मी बोललोच नाही.”

मोठं माणूस चुकलं की आधी ओशाळतं आणि लगेच वकिली करायला लागतं. काटेबाईंनी पण वकिली केली. पट्टा दंडाला लहान पडला की आकडा फुगून येतो, हे खरंच आहे आणि ते बाईंना सिस्टरांपेक्षा चांगलं माहीत होतं. “माझा दंड हल्ली भरलाय,” त्या म्हणाल्या. “हा मधल्या मापाचा पट्टा मला बसत नसणार. मोठा लावला तर आकडा खाली येईल, बघा.”

“मग मोजा दंड.”

“फीत नाहीये इथे.”

“तळघरात जगातली सगळी मापं, आणि फीत नाही?” सिस्टर उठल्या. “ठीक आहे. घरी मोजा. पण उद्या सकाळी तुम्ही डॉक्टरीणबाईंसमोर बसलेल्या दिसला नाहीत, तर मी तुम्हाला चाकाच्या खुर्चीत घालून वर नेईन. तात्या ढकलतील.”

“आनंदानं,” तात्या म्हणाले.

संध्याकाळी काटेबाई घरी आल्या तेव्हा आजी खिडकीशी बसली होती. गळ्यात फीत. बाईंनी चप्पल काढली, समोर स्टूल ओढलं आणि बाही वर केली.

“आई, दंडाचं माप घे ना जरा.”

आजीनं त्यांच्याकडे बघितलं. ओळखीचं काही नव्हतं त्या बघण्यात, पण गिऱ्हाईक आलं म्हणून आनंद होता. “बसा बसा. बाही कशी हवी? सैल की बेताची?”

“बेताची.”

आजीनं खांद्यापासून कोपरापर्यंत बोट फिरवलं, बरोबर मध्यावर थांबली आणि फीत गुंडाळली. बाईंनी नकळत दंड फुगवला. वय एक्कावन्न, शिक्षण विज्ञानाचं, आणि पट्टा लहान ठरावा म्हणून आईपुढे दंड फुगवतायत! आजीनं लगेच दोन बोटांनी टिचकी मारली.

“सोडा अंग. मापाच्या वेळी अंग चोरू नये आणि फुगवूही नये. मग शिवण उसवते आणि गिऱ्हाईक म्हणतं, शिंपिणीला येत नाही.”

बाईंनी श्वास सोडला.

“पावणेबारा,” आजी म्हणाली.

पावणेबारा इंच म्हणजे तीस सेंटिमीटरला किंचित कमी. मधल्या मापाचा पट्टा बत्तीसपर्यंत चालतो. हा हिशेब करायला काटेबाईंना अक्रोडाची गरज पडली नाही. पट्टा बरोबर होता. मशीनं बरोबर होती. पावणेबारा इंचांचा तेवढा एक खोटारडा या सबंध प्रकरणात होता, आणि तो बाहीत होता.

आणि मग त्यांना शिलाई मशीनचा खण आठवला. आईच्या शिलाई मशीनला डाव्या हाताला एक खण होता. त्यात बटणं, हुक, मोडक्या सुया आणि गोळ्यांच्या पाकिटांचा हा ढीग. पाकिटं न फोडलेली. आईला दाबाची गोळी लिहून दिलेली होती, ऐन पन्नाशीत. ती म्हणायची, “काही दुखत नाही, खुपत नाही, ताप नाही. बरं वाटत असताना औषध कशाला?” मुलगी तेव्हा विज्ञान शिकत होती. ती म्हणायची, “घे गं आई,” आणि पुस्तक उघडायची. पुढे ती लोकांची मशीनं तपासायला लागली, आणि खण तसाच राहिला.

“कापड आणलंय का?” आजीनं विचारलं.

“आणते उद्या.”

“आणा. शिवून ठेवते.” मग जरा वेळानं, फीत गळ्यात परत टाकताना, आजी म्हणाली, “तुमच्यासारखी एक मुलगी आहे मला. फार हुशार. पण स्वतःचं काही बघत नाही बघा.”

दारात लेक उभी होती. तिनं यावर काहीच विनोद केला नाही, आणि तेच काटेबाईंना जास्त लागलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, म्हणजे काटेबाईंच्या हिशेबी लेकीहून थोड्या मोठ्या. त्यांनी दाब पुन्हा बघितला, दोन्ही हातांवर, मध्ये थांबून थांबून. मग झोपेचं विचारलं, पाळीचं विचारलं, कान कसे आहेत ते विचारलं, रक्त तपासायला लिहून दिलं. शेवटी त्या म्हणाल्या, “विसरण्याची काळजी वाटते म्हणालात. पाच शब्द सांगते, लक्षात ठेवा. आणि या कागदावर घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं.”

आली परीक्षा. बाईंनी वर्तुळ काढलं, बारा आकडे घातले, मग मिनिटांच्या साठ रेघा घातल्या, आणि तासकाटा अकराच्या नेमका किती पुढे गेला असेल याचा हिशेब करत बसल्या.

“एवढं नको होतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“अकरा दहाला तासकाटा अकरावर नसतो. पाच अंश पुढे असतो. आणि तुमच्या भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे.”

“पाच शब्द?”

बाईंनी पाचही सांगितले. मग उलट क्रमानं सांगितले. कुणी विचारलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “हे बघा, या वयात पाळी जाताना शब्द अडणं, झोप उडणं, डोकं धुकट होणं पुष्कळ जणींना होतं. बहुतेकींचं पुढे निवळतं. आज तरी तुमच्या डोक्यात मला काळजीचं काही दिसत नाही. पण तुम्ही चुकीच्या गोष्टीला घाबरताय. हा दाब किती दिवस असा आहे, कुणाला माहीत नाही. मेंदूत केसासारख्या बारीक नळ्या असतात. पन्नाशीत त्यांच्यावर दाब राहिला तर सत्तरीत त्याचं बिल येतं. पुढे विसराळूपणाचा आजार व्हायची शक्यता वाढवणाऱ्या ज्या गोष्टी आपल्या हातात आहेत ना, त्यांत ही एक मोठी. तुम्ही नळ्यांचंच काम करता, तुम्हाला काय सांगायचं?”

“माझ्या आईला…” बाई म्हणाल्या.

“आईचं कशामुळे झालं, ते मी आता सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. तुमचं मात्र मोजता येतं. गोळी रोज. मीठ कमी. रोज चालायचं, दम लागेल असं. झोपेचं आपण वेगळं बघू. आणि घरी मोजायचं, सकाळ-संध्याकाळ.”

“आणि डाव्या हातानं दात घासायचे ते?”

“ते कशाला?”

“सहज विचारलं,” काटेबाई म्हणाल्या.

“अक्रोड खा हवं तर. बिनमिठाचे.”

घरी जाताना बाईंच्या मनात आलं, एवढी मोहीम काढली, दोन कप फोडले, घोड्याला सफरचंद खायला घातलं, सगळं केलं. आणि ज्या एका गोष्टीनं खरंच काही झालं असतं ती रोज दंडाला बांधून बघत होतो. बघून तिच्यावर लाल चिठ्ठी लावत होतो. नऊ साक्षीदार एका सुरात सांगत होते, आणि न्यायाधीशानं नवांनाही खोटं ठरवून तुरुंगात टाकलं, कारण आरोपी न्यायाधीशाचाच दंड होता! पक्कड विसरणारीला त्या घाबरल्या होत्या. ही चूक तर सगळं नीट आठवत असलेल्या बाईनं केली होती.

शिक्का मात्र महिनाअखेरीला तात्यांकडे गेला नाही. बाईंनी तो नेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवला होता, आणि जास्त ठामपणे. “आता तर कारण पक्कं आहे,” त्या म्हणाल्या. “मी चुकीच्या मशीनला हिरवी चिठ्ठी लावली.”

तात्यांनी शिक्का उलटासुलटा करून बघितला. “बाई, शहाणं वर गेलं का?”

“नाही. सिस्टरनी पकडलं.”

“मग पुढचं पकडायला कोण बसणार इथे? मी? मला चाक दिसतं, आकडा दिसत नाही.” त्यांनी शिक्का परत टेबलावर सारला. “तुम्ही एक करा. आधी तो नकली हात आणवा. रोज एक फोन करा, मी दोन करतो. तुमचा खरा हात काही कामाचा नाही.”

नकली हात आला तो झाडांची पानं गळून परत फुटल्यावर. तोवर बाईंनी एकही मशीन वर जाऊ दिलं नाही, आणि सिस्टर शेजारच्या वॉर्डातून मागूनच भागवत राहिल्या. खोकं उघडलं तेव्हा तात्यांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं. काटेबाईंनी एकेक मशीन त्याला जोडलं. नवांपैकी एकाचीही चूक तीनच्या वर गेली नाही. शहाण्याची गेली, थेट उणे चाळीसवर, आणि ते पहिल्यांदाच लाल चिठ्ठी लावून घेऊन भंगाराच्या खोक्यात जाऊन बसलं. बाईंनी नऊ लाल चिठ्ठ्या सोलून काढल्या. त्यांतली एक तात्यांनी पळवली आणि बाईंच्या डाव्या बाहीवर चिकटवली. ‘जास्त दाखवते, वापरू नये.’ बाईंनी ती काढली नाही. दुपारी दोनदा वरच्या मजल्यावर जाऊन आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ती तिथेच आहे. तेव्हाही काढली नाही.

मोठ्या सिस्टर मशीनं न्यायला स्वतः आल्या. बाहीवरची चिठ्ठी त्यांनी वाचली.

“खरं का खोटं, बघायचं का?”

“उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंच आहे मला.”

“उद्याचं उद्या. बसा.”

काटेबाई बसल्या. पाठ टेकवली, पाय जमिनीला लावले, दंड टेबलावर हृदयाच्या उंचीला ठेवला. सिस्टरनी मधल्या मापाचा पट्टा बांधला आणि दंड व पट्टा यांमध्ये दोन बोटं जातात का ते बघितलं.

“आता पाच मिनिटं बोलायचं नाही,” सिस्टर म्हणाल्या.

“हे कठीण आहे,” तात्या म्हणाले. “गोळीपेक्षा कठीण.”

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. शंभरातून सात वजा करावेसे वाटले, तेही केलं नाही. पाइप वाजत होते. टेबलावर नऊ हिरव्या चिठ्ठ्या होत्या आणि एक चष्मा.

सिस्टरनी बटण दाबलं. पट्टा फुगला, आवळला, सैल झाला. एक मिनिट थांबून परत. परत एक मिनिट थांबून तिसऱ्यांदा.

तिन्ही वेळांची सरासरी, डावा दंड, बसून : एकशे सव्वीसवर अठ्ठ्याहत्तर. मशीनची चूक, अधिक दोन.